चालता चालता बंद पडणारी जुनी गाडी : ईसीएम खरंच गेलंय का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. गाडी १९९८ ची, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. तीस-चाळीस मिनिटं चालली की चालता चालता बंद पडते. मग सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. क्रँक सेन्सर, कॉइल आणि फ्युएल पंप बदलून झालेत. बंद पडलेल्या अवस्थेत स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र) लागत नाही. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा. म्हणून मेकॅनिक म्हणतो, "ईसीएम गेलं. दुसऱ्या गाडीतून काढलेलं मिळतंय, टाकून बघू."

टाकून बघू नका, निदान इतक्यात तरी. मी गेली सव्वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं आणि ईसीएम दुरुस्तीचं काम करतो. 'गेलंय' असा शिक्का मारून माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी डब्यांत काहीच बिघाड नसतो. उघडायचं, भिंगातून बघायचं, टेबलावर सप्लाय देऊन चालवायचं आणि पुन्हा स्क्रू लावून परत द्यायचं. हे ऐकून गाडीवाल्याला आनंद होत नाही. साहजिक आहे, बिघाड अजून त्याच्या गाडीतच असतो.

हे असं होतं कारण ईसीएमवर आळ घेणं सोपं आहे. बंद डबा, आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि बाकीचं सगळं बदलून झाल्यावर तेवढंच उरतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, त्यातला प्रकार. माझी पद्धत उलटी आहे. सप्लाय पोचतोय, अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी जोडणी) पक्का आहे, सेन्सरचे सिग्नल बरोबर येताहेत, आणि एवढं असूनही डबा आपलं काम करत नाही, हे मीटरवर दिसलं की मगच त्याला हात लावायचा. क्रमही हाच ठेवायचा, कारण पहिली पायरी कच्ची असेल तर पुढचं प्रत्येक माप फसवं येतं.

आणि तपासायचं ते बिघाड हजर असताना. सुरळीत चालणाऱ्या गाडीला मीटर लावून तुम्हाला फक्त सगळं ठीक असल्याचं कळेल, आणि ते आपल्याला आधीच माहीत आहे. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की घाईघाईने सेल्फ मारत बसू नका. चावी पूर्ण बंद करा, दहा सेकंद थांबा, मग नुसती ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लागतो का? पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण ऐकू येते का? डॅशबोर्डखालून किंवा बॉनेटमधून रिलेचा (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचचा) 'टक' येतो का? त्यानंतर सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. तो थोडा तरी उचलतो का? ही चार निरीक्षणं ड्रायव्हरच्या सीटवर बसून, हत्यार न उचलता होतात.

दिवा लागला, पंप वाजला, पण सेल्फ मारताना काटा मेल्यासारखा पडून राहिला, तर ईसीएम जागं आहे आणि इंजिन फिरतंय हे त्याला कळत नाहीये, असं समजा. म्हणजे क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा कपलर (वायरी जोडणारा प्लग). सेन्सर नवा टाकलाय म्हणून त्याला निर्दोष धरू नका. गरम झाल्यावर दगा देणारे नवे सेन्सरही मी पाहिलेत, आणि एक्झॉस्टजवळून जाणारी वायर तर कोणी बदललेलीच नसते. काही गाड्यांत हा काटा कॉइलवरून चालतो, त्यामुळे नुसत्या काट्यावर निकाल देऊ नका. स्कॅनर लागत असेल तर त्यातला आरपीएम बघा.

दिवाच लागत नाही, पंप गप्प, स्कॅनर गप्प, असं असेल तर ईसीएम झोपलंय. झोपलंय म्हणजे मेलंय असं नव्हे. त्याला सप्लाय किंवा अर्थ मिळत नसेल, कुठल्या तरी सेन्सरने त्याचे पाच व्होल्ट खाली ओढले असतील, किंवा खरंच ते आतून बिघडलं असेल. तुमच्या वर्णनावरून गाडी याच गटात बसते असं वाटतं, पण दिव्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही.

स्कॅनर लागत नाही या पुराव्यालाही फार किंमत देऊ नका. स्कॅनर जोडायच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचे बारा व्होल्ट आणि ४ व ५ नंबरला अर्थ असतो. बऱ्याच गाड्यांत त्या १६ नंबरचा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटशी सामाईक असतो. चार्जर लावताना तो उडालेला असतो आणि खापर ईसीएमवर फुटतं. शिवाय वर्षाचा मुद्दा आहे. अमेरिकेत ओबीडी-२ (गाडीतला बिघाड स्कॅनरने वाचायची ठरवून दिलेली पद्धत) हे १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. तेव्हा १९९८ च्या गाडीत सॉकेट दिसायला तसंच असलं तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. मग साधा स्कॅनर थंड गाडीवरही लागणार नाही. आधी थंड असताना लागतो का ते बघा. लागत असेल तरच गरम असताना न लागण्याला अर्थ आहे.

आता सप्लाय. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

ईसीएमला साधारण दोन तऱ्हेचे प्लस मिळतात. एक बॅटरीवरून कायमचा, ज्याच्या जोरावर त्याची आठवण टिकते, आणि दुसरा चावी ऑन केल्यावर मेन रिलेतून येणारा, ज्याच्यावर ते काम करतं. अर्थच्या वायरी दोन-तीन असतात, काही गाड्यांत त्याहून जास्त. नेहमीची तपासणी अशी होते: मीटरची एक पिन सप्लायवर, दुसरी बॉडीला, १२.४ व्होल्ट दिसले, 'सप्लाय आहे', पुढे चला. डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो. तो वायरीतून जवळजवळ करंट खेचतच नाही. वायर आतून हिरवी पडून एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्टच दाखवणार. ईसीएमने इंजेक्टर ओढायला घेतले की त्या एका तारेवर सगळं कोसळतं.

म्हणून मी मीटरआधी बल्ब घेतो. ब्रेक लाइटचा साधा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी सोल्डर केलेल्या आणि टोकांना कपलरमध्ये नीट बसतील अशा पातळ पिना. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. बॅटरीचा मायनस काढून ईसीएमचा कपलर सोडवायचा, मायनस पुन्हा लावायचा, चावी ऑन करायची, आणि कपलरच्या सप्लाय पिनेपासून त्याच कपलरच्या अर्थ पिनेपर्यंत बल्ब जोडायचा. बॉडीला नाही, त्याच कपलरच्या अर्थला. म्हणजे प्लस आणि अर्थ दोन्ही एका दमात तपासले जातात. बल्ब थेट बॅटरीवर जेवढा लख्ख पांढरा लागतो तेवढाच लागला पाहिजे. तांबूस लागला, किंवा हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवल्यावर मिणमिणला, तर तुमचा चोर सापडला. दोन मिनिटं तसाच चालू ठेवा. कपलरच्या मागे वायर कोमट लागली तरी समजून जा.

दोन सावधगिऱ्या. काही गाड्यांत मेन रिले ईसीएमच ओढतं. कपलर काढला की रिले पडणारच, आणि तुम्ही 'सप्लाय नाही' म्हणून उड्या माराल. तिथे वायरिंग डायग्राम बघून रिलेच्या कंट्रोल वायरीला फ्यूज लावलेल्या तारेने अर्थ द्यावा लागतो. दुसरी गोष्ट, कपलरच्या भोकात मीटरची जाड पिन खुपसू नका. आतली पकड फाकते आणि जुना बिघाड शोधताना तुम्ही नवा तयार करता. हा बल्बही फक्त सप्लाय आणि अर्थसाठीच. सेन्सरच्या किंवा पाच व्होल्टच्या वायरीला तो कधीही लावायचा नाही. तिथे मीटरच.

बल्ब पास झाला की कपलर परत लावून मागच्या बाजूने वायरीजवळून बारीक पिन सरकवायची आणि मीटरची दुसरी पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवून सेल्फ मारायचा. ईसीएमचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक मी खपवून घेत नाही. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. त्याच वेळी बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि सेल्फ बघा.

एक गाडी दोन ईसीएम बदलून माझ्याकडे आली होती. इंजिनचं काम नुकतंच झालेलं, आणि तेव्हापासून सेल्फ जड, इंजिन अधूनमधून बंद. मी बॉनेट उघडलं तेव्हा नजर गेली ती ॲक्सिलरेटरच्या केबलवर. तिचं प्लास्टिकचं आवरण एका जागी वितळून सुरकुतलं होतं. एक्झॉस्ट तिथून हातभर लांब. मीटरची एक पिन इंजिन ब्लॉकवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवून सेल्फ मारला, तर १.८ व्होल्ट. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची जाड पट्टी ताज्या रंगावर बसवलेली होती. धातूला धातू लागतच नव्हता. सेल्फचा करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या केबलमधून आणि ईसीएमच्या अर्थमधून जात होता. रंग खरवडून, पॉलिश पेपर मारून पट्टी आवळली. मीटर ०.०५ वर आला. काढलेले दोन्ही डबे मालकाने जपून ठेवले होते. पहिल्यात अर्थचा ट्रॅक काळा पडून तुटलेला, म्हणजे तो खरंच गेला होता, पण मारला होता त्या रंगाने. दुसऱ्यात काहीच नव्हतं.

सप्लाय आणि अर्थ पक्के निघाले की पाच व्होल्ट. बहुतेक सेन्सरना ईसीएम स्वतः पाच व्होल्ट पुरवतं, आणि एकाच वायरीला फाटे फोडून ते थ्रॉटल पोझिशन (ॲक्सिलरेटर किती उघडलाय ते सांगणारा), मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वगैरे सगळ्यांना वाटलेले असतात. यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा एखादी वायर ब्रॅकेटवर घासून बॉडीला टेकली, की सगळ्यांचे पाच व्होल्ट एकदम बसतात. कित्येक डब्यांत त्याच पाच व्होल्टवर आतला प्रोसेसरही चालतो. मग दिवा नाही, स्कॅनर नाही, पंप नाही. दिसायला ईसीएम मेलेलं, आणि खरा गुन्हेगार एक्झॉस्टच्या बाजूला तापणारा एखादा सेन्सर. तापल्यावर शॉर्ट होतो, निवल्यावर सुटतो. तुमच्या तक्रारीशी हेही तंतोतंत जुळतं.

शोधायला सोपं आहे. थ्रॉटल सेन्सरच्या तीन पिनांच्या कपलरवर मीटर लावून ठेवा आणि बिघाड आला की बघा. ४.९ ते ५.१ हवेत. शून्य किंवा एखादा व्होल्ट दिसला तर मीटर तसाच ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर मीटर पाचवर उडी मारेल तो सेन्सर दोषी. एसीच्या पाइपवरचा प्रेशर सेन्सर आणि ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) विसरू नका, तेही पुष्कळदा याच वायरीवर असतात आणि हमखास राहून जातात. सगळे काढूनही व्होल्टेज परतलं नाही, तर ईसीएमचा कपलर काढून ती वायर अर्थशी जोडलेली दिसते का ते ओहमवर बघा. वायरही स्वच्छ निघाली, तर मात्र संशयाची सुई पहिल्यांदा डब्याकडे वळते.

सेन्सरचे सिग्नल नीट वाचले जातात की नाही हे बघायला मी कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरचा उपयोग करतो. त्याचा कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास आकडा यायला हवा. कपलरच्या दोन पिना तारेने एकमेकींना जोडल्या की १२० च्या वर. दोन्ही टोकं बरोबर आली म्हणजे वायर, कपलर आणि ईसीएमचा तो वाचणारा भाग, तिन्ही ठीक. तरीही गाडीत आकडा चुकीचा येत असेल तर सेन्सर बदला. एवढ्या साध्या परीक्षेला पाच मिनिटं लागतात आणि ती केल्याविना डबे बदलले जातात.

बाहेर जाणाऱ्या बाजूला इंजेक्टर आणि इग्निशन. इंजेक्टरच्या एका पिनेवर चावी ऑन असताना कायम बारा व्होल्ट असतात, दुसरी पिन ईसीएम अर्थ करतं आणि सोडतं. इंजेक्टरच्या कपलरमध्ये बसणारा छोटा टेस्ट दिवा लावून सेल्फ मारला की तो लुकलुकायला हवा. चारपैकी एकच लुकलुकत नसेल तर ईसीएमपासून इंजेक्टरपर्यंत ती एक वायर सलग आहे का ते आधी बघा. सलग असेल तर त्या इंजेक्टरचा ड्रायव्हर (ईसीएममधला, त्याला चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेला, आणि हा खराखुरा ईसीएमचा दोष. उलटाही प्रकार होतो. ड्रायव्हर शॉर्ट झाला की चावी ऑन केल्याबरोबर इंजेक्टर उघडाच राहतो, प्लग पेट्रोलने भिजतो, ऑइलला पेट्रोलचा वास येतो. अशी गाडी चालवू नका आणि सेल्फही मारू नका. सिलिंडरमध्ये साचलेलं पेट्रोल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) असेल तर चित्र आणखी स्पष्ट दिसतं. व्होल्टेज बारावरून जवळजवळ शून्यावर यायला हवं आणि इंजेक्टर सोडताना साठ-ऐंशी व्होल्टचा उंच काटा दिसायला हवा. खालची रेषा शून्याच्या बरीच वर तरंगत असेल तर ड्रायव्हर थकलाय किंवा अर्थ कच्चा आहे. अर्थ आपण आधीच तपासलाय, म्हणून पायऱ्यांचा क्रम.

स्कॅनर दाखवतो त्या बिघाडाच्या कोडबद्दल थोडंच. पी०६०१ हा मेमरीच्या बेरजेतला घोळ, पी०६०५ रॉमचा (कायमच्या मेमरीचा), पी०६०६ प्रोसेसरचा. हे कोड थेट ईसीएमकडे बोट दाखवतात, पण पी०६०३ (बॅटरीवर टिकणारी आठवण पुसल्याचा) नुसती बॅटरी काढल्यावरही येतो. बॅटरी आणि अल्टरनेटर ठीक करून कोड पुसा. चावी ऑन करताक्षणी परत आला तरच मनावर घ्या. अल्टरनेटरचा डायोड गेलेला असेल तर डीसीवर एसीची लहर चढते आणि ईसीएम वेड्यासारखं वागतं. इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर लावा आणि बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अल्टरनेटर खोला.

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं तर आता डबा. काढण्याआधी गाडीतच जोडलेला ठेवून तापवून बघा. इंजिन चालू ठेवा, हेअर ड्रायर घ्या आणि डब्याला हात जेमतेम लावता येईल इतपतच गरम करा. हीट गन नको. जास्त तापवलंत तर चांगला डबाही बिघडू शकतो. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलके टिचका. इंजिन अडखळलं तर लगेच 'सापडलं' म्हणू नका. टिचकीने कपलरही हलतो. हार्नेस टेपने पक्का बांधून पुन्हा टिचका. अजूनही अडखळत असेल तर दोष बोर्डावर. तापवल्यावर बंद पडलं आणि कूलिंग स्प्रे मारल्यावर सुरू झालं, तर मी लिहून देतो.

उघडताना बॅटरीचा मायनस काढा, काही मिनिटं जाऊ द्या आणि बॉडीच्या उघड्या धातूला हात लावून मगच बोर्डाला शिवा. सिंथेटिक कपडे आणि कोरडी हवा असली की अंगावरची स्थिर वीज चिप मारून टाकते, आवाजही न करता. झाकण निघाल्याबरोबर आधी वास घ्या. मासळीसारखा कुजकट वास आला तर कपॅसिटर गळलेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या मध्यापर्यंतच्या डब्यांत हे फार दिसतं. ॲल्युमिनियमच्या गोल कपॅसिटरच्या पायाशी तपकिरी ओल, आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक हिरवट. असले कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तोच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त आणि १०५ अंशांचा घ्या. ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवरची पट्टी मायनसची असते, टँटलमवरची प्लसची. यात चूक झाली तर धूर निघतो. आणि नुसते बदलून थांबू नका. गळलेलं द्रव ट्रॅक खात राहतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन प्रत्येक ट्रॅक मीटरने सलग आहे का ते बघा.

वास नसेल तर भिंग आणि तिरपा उजेड. वरून पडलेल्या उजेडात ड्राय सोल्डर (पकड सुटलेला, तडकलेला सांधा) दिसत नाही. टॉर्च बोर्डाच्या पातळीत धरली की पिनेभोवती केसाएवढं काळं कडं उठून दिसतं. कपलरच्या पिना, आतले रिले आणि हीट सिंकवर बसवलेले मोठे ट्रान्झिस्टर, या तीन जागा आधी बघा. जिथे वजन आहे किंवा उष्णता आहे तिथेच सोल्डर तडकतं. सोल्डर नुसतं तापवू नका, जुनं शोषून काढा आणि नवं भरा. बाकी पाण्याची रेघ, चिपवर टाचणीएवढं भोक, आधीच्या कुणाच्या सोल्डरिंगच्या खुणा, हे डोळ्यांना आपोआप दिसतं. बोर्ड जेलीत बुडवलेला असेल किंवा पांढऱ्या सिरॅमिकवर केसासारख्या तारांनी जोडलेला असेल, तर झाकण बंद करा आणि असं काम रोज करणाऱ्याकडे पाठवा. मी स्वतःही ते करत नाही.

डबा खरंच गेलेला निघाला तर बदली आणण्याआधी एक प्रश्न: तो कशाने गेला? ईसीएम उगाच मरत नाही, वयाने थकलेल्या कपॅसिटर आणि सोल्डरचा अपवाद सोडला तर. शॉर्ट झालेला इंजेक्टर, कॉइल किंवा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह आपापला ड्रायव्हर जाळतो, आणि बदली डबा लावल्यावर तोही जाळतो. म्हणून एकेकाचा ओहम मोजा. जास्त रोधाचे इंजेक्टर १२ ते १६ ओहमचे असतात, कमी रोधाचे दोन-तीन ओहमचे, आणि एकाच्या जागी दुसरे बसवलेले मी पाहिलेत. चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी खोड कोणी केली होती का, जंपर उलटा लागला होता का, बॉडीला वेल्डिंग झालं होतं का, तेही आठवून बघा. डबा जोडताक्षणी फ्यूज उडत असेल तर बहुतेक आतला संरक्षणाचा डायोड शॉर्ट झालाय, आणि ती दुरुस्ती किरकोळ आहे.

जुना डबा घेताना लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर जुळवा, शेवटच्या अक्षरासकट. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे एक मॅन्युअल गिअरचा, दुसरा ऑटोमॅटिकचा असू शकतो. गाडीत इम्मोबिलायझर (चोरी रोखायला चावी ओळखणारी यंत्रणा) असेल तर परक्या डब्याला तुमची चावी ओळखू येणार नाही. गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडेल किंवा सुरूच होणार नाही, आणि 'हाही खराब निघाला' म्हणून तुम्ही तिसरा आणाल. तिथे जुन्या डब्यातला डेटा नव्यात उतरवावा लागतो, म्हणून मेलेला डबा फेकून देऊ नका.

तुमच्या गाडीत मी स्वतः सुरुवात कशाने केली असती? मेन रिलेने. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डखाली असतो, आत छोटा बोर्ड असतो, आणि त्याचं सोल्डर वयाने तडकतं. आतली हवा तापली की सांधा सुटतो, निवली की जुळतो. दिवा, पंप, इंजेक्टर सगळं एकदम जातं आणि लोक ईसीएम बदलतात. रिलेच्या बाहेर जाणाऱ्या पिनेवर आणि अर्थवर एक छोटा बल्ब कायमचा जोडून तो डॅशबोर्डवर दिसेल असा ठेवा आणि गाडी फिरवा. बंद पडताना बल्बही विझला, तर रिले किंवा त्याच्या आधीची वायर. बल्ब जळत राहिला, तर थ्रॉटल सेन्सरवर पाच व्होल्ट मोजा. तेही शाबूत असतील, तर दिवा लागतो का आणि काटा हलतो का हे लिहून कळवा, मग पुढचं बोलू. रिले उघडलात आणि पिनेभोवती ते काळं कडं दिसलं, तर सोल्डर नव्याने भरा, आठवडाभर गाडी भर उन्हात चालवा, आणि तोपर्यंत मेकॅनिकला सांगा की तो दुसरा डबा राहू दे.